देवाच्या नावावरचं घर

चिंचवडात दोन माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला जागेचा विषय निघतो. जुन्या गावातल्या माणसाच्या सात-बारावर अजून आजोबांचंच नाव असतं. प्राधिकरणातल्या माणसानं बंगला स्वतः बांधलेला असतो, पण जमीन मुळात नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळालेली. आणि आमच्यासारख्या सोसायटीवाल्यांचं तर विचारूच नका. आमच्या इमारतीला वीस वर्षं उलटली, रंग दोनदा दिला, लिफ्ट बदलली, पण ज्या जमिनीवर ती उभी आहे ती सोसायटीच्या नावावर करून द्यायला बिल्डरला अजून सवड झालेली नाही. तेव्हा माझं घर माझं आहे असं मी म्हणतो ते आपलं सवयीनं.

अशा या गावात एक घर आहे. त्याचा मालक कोण, हे ठरवताना राजेरजवाडे, इनाम कमिशन आणि उच्च न्यायालय अशा सगळ्यांनाच डोकं खाजवावं लागलं. ते घर म्हणजे चिंचवडगावातला मंगलमूर्ती वाडा. गणपतीच्या दर्शनाला आलेली माणसं पवनेकाठच्या मोरया गोसावींच्या समाधीकडे जातात, वाड्यात मंगलमूर्तीपुढे हात जोडतात आणि बाहेर पडतात. मीही कितीतरी वर्षं तेच करत होतो. पण एकदा घर म्हणून त्याच्याकडे पाहिलं आणि मग त्यात राहून गेलेल्यांचा माग काढल्याशिवाय चैन पडेना.

या घराण्याची सुरुवात मोरया गोसावींपासून. मोरगावचा मयूरेश्वर हे त्यांचं दैवत, थेऊर हे त्यांच्या तपश्चर्येचं ठिकाण. मोरगावची वारी म्हातारपणी झेपेना, तेव्हा देवानंच दृष्टान्त दिला की आता मीच तुझ्याकडे येतो. मग कऱ्हेच्या पात्रात स्नान करताना ओंजळीत गणपतीची मूर्ती आली आणि ती त्यांनी चिंचवडला आणून बसवली, अशी कथा आहे. तीच ही मंगलमूर्ती. गोसावी म्हटलं की आपल्याला संसार सोडलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. पण मोरया गोसावींनी लग्न केलं, त्यांना चिंतामणी नावाचा मुलगा झाला आणि इथूनच पुढच्या सगळ्या गुंतागुंतीला सुरुवात झाली. संन्याशाचा मठ शिष्याकडे जातो. गृहस्थाचं घर मुलाकडे जातं. चिंचवडला मठ आणि घर एकच झालं.

काळाबद्दल मात्र एकमत नाही. परंपरा संजीवन समाधीचं साल शके १४८३, म्हणजे इसवी सन १५६१ सांगते. समाधीवरच्या देवळातला शिलालेख सांगतो की चिंतामणी गोसाव्यांनी हे देऊळ शके १५८० मध्ये, म्हणजे १६५८ साली बांधायला घेतलं आणि पुढच्या वर्षी पुरं केलं. आता हिशोब करा. वडिलांनी १५६१ मध्ये समाधी घेतली असेल, तर देऊळ बांधताना मुलाचं वय शंभरीच्या घरात जातं. तेव्हा एक तर मोरया गोसावींना थोडं अलीकडे आणायला हवं, नाही तर देऊळ बांधणारा चिंतामणी त्याच नावाचा पुढचा कोणी वंशज मानायला हवा. या घराण्यात चिंतामणी, नारायण, धरणीधर अशी तीच तीच नावं फिरून फिरून येतात, त्यामुळे अभ्यासकांची चांगलीच पंचाईत होते. मला स्वतःला पहिला पर्याय जास्त पटतो, कारण चिंतामणी महाराज आणि तुकोबा यांच्या भेटीची आठवण परंपरेनंच जपून ठेवली आहे. देहू इथून काही लांब नाही. चिंतामणी महाराजांना तुकोबांनी 'देव' म्हटलं आणि तेच पुढे घराण्याचं आडनाव झालं, असं सांगतात.

आडनाव देव! म्हणजे 'देवांचं घर' या शब्दांचे चिंचवडात तेव्हापासून दोन अर्थ झाले. इथल्या लोकांची श्रद्धा अशी होती की गणपतीचा अंश मोरया गोसावींत आणि पुढे सात पिढ्या त्यांच्या वंशात वास करील. म्हणजे घराचा कर्ता पुरुष नुसता पुजारी नव्हता. तो हिंडता-फिरता देव होता.

देऊळ पुरं झालं १६५९ मध्ये. पुढच्याच वर्षी शायिस्ताखानानं इथून जवळच्याच चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी जवळजवळ दोन महिने तो झुंजवला. असा तो काळ. निजामशाही गेली, आदिलशाही आली, मोगल आले, गेले, पुन्हा आले. गावाचा धनी दर दहा-वीस वर्षांनी बदलत होता. मग देवांच्या घराचं काय झालं? त्यांनी दर वेळी नव्या धन्याकडून जुनी सनद नवी करून घेतली. देवांचं दप्तर म्हणजे अशा कागदांचा मोठाच साठा आहे. त्यात शिवाजी महाराजांच्या कारभारातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. देवस्थानाला कोकणातून कमी भावानं धान्य घ्यायची सवलत होती. त्याची तोशीस रयतेला लागते, हे ध्यानात आल्यावर महाराजांनी ती रीत बंद केली आणि देवाला लागणारं धान्य सरकारी कोठीतून द्यायची व्यवस्था केली. देवाचं कमी केलं नाही, पण ते कुणाच्या पाटीतून जातं हे पाहिलं.

औरंगजेबाची कथा तर गावात सगळ्यांना पाठ आहे. बादशहानं परीक्षा पाहण्यासाठी नारायण महाराजांकडे मांसाचं झाकलेलं ताट पाठवलं. महाराजांनी वरचं कापड दूर केलं तर आत जाईची फुलं. बादशहा चकित झाला आणि त्यानं आठ गावं इनाम दिली. कथा सुंदर आहे. पण कागद हाताळणाऱ्या माणसाला तिच्यामागे एक साधी गोष्ट दिसते. मुलूख हाती आला की तिथल्या प्रतिष्ठित देवस्थानाचं इनाम चालू ठेवायचं, म्हणजे गावं शांत राहतात, हे प्रत्येक राज्यकर्त्याला कळत होतं. मोगलांनाही कळत होतं आणि पुढे इंग्रजांनाही कळलं.

आता वाड्याकडे येऊ. पुणे जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर १८८५ साली निघालं. त्यात म्हटलं आहे की पवनेकाठचा देवांचा हा वाडा काही नाना फडणविसांनी आणि काही हरिपंत फडक्यांनी बांधून दिला, असं सांगतात. एक पेशवाईचा कारभारी, दुसरा सेनापती. हरिपंत १७९४ मध्ये गेले आणि नाना १८०० मध्ये, तेव्हा वाड्याचं मोठं बांधकाम अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं धरायला हरकत नाही. दगडी जोतं, लाकडी खांब, चौक, ओसऱ्या. पेशवाईतल्या बड्या घरासारखंच घर. फरक इतकाच की बांधून देणारा त्यात राहणार नव्हता आणि राहणाऱ्यानं ते बांधलं नव्हतं. मग ते झालं कुणाचं? नानांनी दान दिलं ते मंगलमूर्तीला की देव घराण्याला? दान देताना हा प्रश्न नानांना पडला नसणार. त्यांच्या लेखी दोन्ही एकच होतं.

या घरात बाहेरचा माणूस डोकावला आणि त्यानं लिहून ठेवलं, असं निदान दोनदा तरी घडलं. पहिला एडवर्ड मूर. कंपनीच्या मुंबईच्या फौजेतला हा कप्तान पुढे हिंदू देवदेवतांवरच्या मोठ्या ग्रंथामुळे प्रसिद्ध झाला. तो १८०० साली चिंचवडला आला आणि वंशपरंपरेनं चालत आलेल्या या 'जिवंत देवा'वर त्यानं लिहिलेला निबंध १८०१ साली कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये छापला गेला. म्हणजे नाना फडणवीस हयात असताना, किंवा नुकतेच गेलेले असताना, चिंचवडच्या या घराची चर्चा कलकत्त्याच्या विद्वानांत चालली होती. मूरचा सूर कुतूहलाचा आहे, थट्टा असली तरी बेताची.

दुसरी भेट मारिया ग्रॅहॅम या इंग्रज प्रवासिनीची, १८०९ च्या डिसेंबरातली. तिची रोजनिशी १८१२ मध्ये प्रसिद्ध झाली. बाईंना वाडा मुळीच आवडला नाही. अवाढव्य, पण कसलीही शोभा नसलेला, असं त्यांचं मत पडलं. चौकात जमिनी सारवण्यासाठी शेण कालवणं चाललं होतं आणि खिडक्याखिडक्यांतून धष्टपुष्ट ब्राह्मण बाहेर डोकावत होते, याची त्यांनी खोचक नोंद केली आहे. आता शेणाच्या सारवणात नाक मुरडण्यासारखं काय आहे, हे आपल्या आजीला विचारलं असतं तर तिनं बाईंना सांगितलं असतं. पण पुढचं वर्णन वाचताना मी थांबलो. देव म्हणून ज्याचं दर्शन घ्यायचं तो एक लहान मुलगा होता. साध्या पडवीत, बुटक्या लाकडी आसनावर बसलेला. इतर मुलांपेक्षा वेगळं असं त्याच्यात काही नव्हतं, फक्त डोळ्यांत एक अस्वस्थ, भिरभिरती नजर होती. त्याला रोज अफू देतात, त्याला इतर मुलांबरोबर खेळू देत नाहीत, संस्कृतखेरीज कुठलीही भाषा बोलू देत नाहीत, असं बाईंच्या कानावर आलं आणि ते त्यांनी लिहून टाकलं. मुलगा मात्र अदबीनं वागला. पाहुण्यांना त्यानं स्वतःच्या हातानं बदाम आणि खडीसाखर दिली, आणि त्यांनी त्याच्यापुढे मूठभर रुपये ठेवले.

अफूची गोष्ट ऐकीव आहे. तेव्हा पुण्या-मुंबईकडच्या घरोघरी तान्ह्या मुलांना बाळगोळीतून अफू देत असत, तेव्हा ती सगळीच खोटी असेल असं मी म्हणणार नाही. पण देवाला गुंगीत ठेवून ब्राह्मण पैसा खातात, असं चित्र रंगवायला इंग्रज पाहुणे तेव्हा एका पायावर तयार असत, हेही विसरता येत नाही. संस्कृतचं तर मला अजिबात पटत नाही. पवनेकाठच्या घरात वाढलेलं पोर आईशी काय संस्कृतात बोलत असेल? ते काही असो, खेळायला बंदी असलेला, बुटक्या आसनावर बसवलेला तो मुलगा डोळ्यांपुढून हलत नाही. एवढ्या मोठ्या घराचा धनी, आणि त्या घराच्या अंगणात विटीदांडू खेळायची मुभा नाही.

गॅझेटियर म्हणतं की मोरया गोसावींच्या सरळ वंशातला शेवटचा देव धरणीधर १८१० मध्ये निपुत्रिक वारला. ग्रॅहॅमबाई येऊन गेल्यावर वर्षभरातच. तारखा जुळवल्या तर तिनं पाहिलेला मुलगा हाच असावा. याचीही एक कथा लोकांनी रचली. आधीच्या नारायण महाराजांनी कुतूहलापोटी मोरया गोसावींची समाधी उघडली, ध्यान मोडलेल्या मोरयांनी शाप दिला की तुझ्या मुलाबरोबर वंश संपेल. सात पिढ्यांचा करार होता, सातव्या पिढीला संपला.

इथे घराच्या इतिहासातला सगळ्यात अवघड क्षण येतो. अंश सातव्या पिढीपर्यंतच, असं श्रद्धा सांगते. मग आता वाड्याचं काय? आठ गावांचं काय? मोरगाव, थेऊर, सिद्धटेकच्या पूजाअर्चेचं काय? श्रद्धेप्रमाणे पाहिलं तर दारं लावून घ्यायला हवी होती. पण दूरच्या नात्यातल्या एका भाऊबंदाला गादीवर बसवलं आणि घर पुढे चालू राहिलं. इनाम टिकावं म्हणून पुजाऱ्यांनी ही युक्ती केली, असा गॅझेटियरचा शेरा आहे. मला तो थोडा उर्मट वाटतो. वाड्यावर किती चुली अवलंबून होत्या, याचा विचार शेरा मारणाऱ्या साहेबानं केलेला दिसत नाही. नंदादीपाचं तेल घालणारा, चौघडा वाजवणारा, पालखीचे भोई, कोठीवरचा कारकून, गावोगावची कुळं. देवाचा अंश संपला म्हणून यांची पोटं संपत नाहीत.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि इंग्रज आले. त्यांना प्रत्येक गोष्ट नावावर लागे. देव म्हणजे मूर्ती की माणूस, हा घोळ त्यांना परवडणारा नव्हता. १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दख्खनभर इनामदारांची झोप उडाली. कागद दाखवा, नाही तर इनाम खालसा. त्यात एक महत्त्वाचा भेद होता. व्यक्तीला दिलेलं इनाम असेल तर किती पिढ्या चालवायचं याचा कीस पाडला जाई. देवळाच्या खर्चासाठी दिलेलं असेल तर ते कायम. म्हणजे जी जागा आणि जे उत्पन्न देवाच्या नावावर, ते सुरक्षित. जे देवांच्या नावावर, ते धोक्यात! एका अनुस्वाराचा फरक, आणि त्यावर गावं टिकणार की जाणार हे ठरायचं.

या फरकाचा दुसरा परिणाम घरात झाला. संस्थान सार्वजनिक धर्मादाय असेल, तर गादीवरचा माणूस मालक नाही, तो वहिवाटदार. मग भाऊबंदांना त्याला जाब विचारता येतो. देव घराण्यातलं हे प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १८९१ च्या 'इंडियन लॉ रिपोर्ट्स'च्या मुंबई खंडात ते छापलेलं आहे. वादी देव, प्रतिवादीही देव. आपल्या न्यायालयांनी पुढे जो सिद्धान्त पक्का केला तो असा: प्रतिष्ठा केलेली मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीनं एक व्यक्ती आहे, तिच्या नावे मालमत्ता असू शकते, ती दावा लावू शकते, पण ती कायमची अज्ञान आहे, म्हणून तिच्या वतीनं कुणीतरी व्यवहार पाहायचा. बुटक्या आसनावरच्या त्या मुलाची मला इथे पुन्हा आठवण झाली. तोही अज्ञान, त्याचाही कारभार दुसरेच पाहत होते.

एका घराण्याच्या या सगळ्या कागदपत्रांवर लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकानं आख्खा इंग्रजी ग्रंथ लिहिला आणि केंब्रिज विद्यापीठानं तो १९८९ साली छापला. चिंचवडच्या एका घरात बसून सत्ता आणि धर्म यांचे संबंध किती बारकाईनं पाहता येतात, हे त्यावरून कळतं. आपल्याकडे मात्र दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्या शंभरातल्या पाचांनाही त्याची खबर नसेल.

त्याच काळात याच गावात, चालत जाण्याच्या अंतरावर, दुसऱ्या एका घराचं नशीब फिरत होतं. हरिभाऊ चापेकर या कीर्तनकाराचं घर. त्याला ना इनाम ना सनद. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली आणि पुढे १८ एप्रिल १८९८ ला दामोदर, ८ मे १८९९ ला वासुदेव आणि १२ मे १८९९ ला बाळकृष्ण फासावर गेले. तेरा महिन्यांत एका घरातले तीन मुलगे. आज त्या वाड्यात स्मारक आणि संग्रहालय आहे. एका घराला सात पिढ्यांचं वरदान होतं, दुसऱ्याची एकच पिढी, पण चौकाला नाव मिळालं ते तिचं. बसच्या पाटीवर 'चापेकर चौक' वाचून उतरायचं आणि मंगलमूर्ती वाड्याकडे चालत जायचं, हा आता आमचा रोजचा रस्ता.

वाड्याच्या भोवतालचं गाव कसं बदललं, ते या भागातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. १८५८ साली खंडाळा-पुणे रेल्वे सुरू झाली. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं, मग आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सव्वासतरा लाखांवर गेली. ज्या गावांचा वसूल कधी देवस्थानांच्या दिवाबत्तीला लागे, त्या भागांत आता चौरस फुटाचे भाव बोलले जातात. व्यक्तिगत इनामं १९५२ च्या कायद्यानं गेली, देवस्थान इनामं त्यातून वगळली गेली. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानं देवस्थानचा कारभार धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली आला. इनामदार गेले, विश्वस्त आले. हिशेबाच्या वह्या बदलल्या.

पवना मात्र कुणाचीच सनद मानत नाही. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की समाधीच्या देवळात शिरतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर ते बरंच चढलं होतं. वाड्याभोवतीची जुनी घरं एकेक करून पाडली जात आहेत, त्या जागी इमारती येत आहेत, आणि प्रत्येक इमारतीच्या फलकावर 'श्री मोरया' किंवा 'मंगलमूर्ती' यांपैकी काहीतरी असतंच. त्या इमारतींचं जमिनीचं काम वेळेवर होतं की नाही, हे तिथल्या रहिवाशांनाच विचारायला हवं.

भाद्रपदात आणि माघात, वर्षातून दोन वेळा, घराचा मालक घर सोडून बाहेर पडतो. मंगलमूर्तीची पालखी चिंचवडहून निघते ती मोरगावला जायला. वाटेत महामार्ग आहे, सिग्नल आहेत, पहिल्या पाळीचे कामगार घेऊन निघालेल्या कंपन्यांच्या बसगाड्या आहेत. एखादा चालक बस बाजूला घेतो, खिडकीतून हात जोडले जातात, पालखी पुढे सरकते. मोरगावला काही दिवस राहून मालक परत येतात आणि वाड्याचा दरवाजा पुन्हा उघडला जातो.